पत्राला जे ठाऊक नव्हतं

“गेली कित्येक वर्षं मला कोणीतरी निनावी पत्रं पाठवतंय. फार घाणेरडं लिहितात. कोण आहे ते कळत नाही. आता घरच्या माणसांचाही संशय यायला लागलाय. माझंच डोकं फिरलंय का?”

हा प्रश्न माझ्याकडे अनेकांच्या तोंडून आलेला आहे. कधी पत्रांच्या जागी ईमेल असतात, कधी रोज नव्या नावानं उघडलेलं खातं. शेवटचं वाक्य मात्र बहुतेकांचं तेच असतं आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्या वाक्याची वाटते. म्हणून एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई एका संस्थेत विभागप्रमुख. बढती मिळाली त्याच सुमारास पहिलं पत्र आलं. पुढे नऊ वर्षं येत राहिली. कधी एका महिन्यात तीन-चार, कधी वर्षभर काहीच नाही आणि आता संपलं म्हणेपर्यंत पुन्हा एक. कागद साधा, मजकूर छापलेला, पाकिटावर पत्त्याची छापील पट्टी. त्यांच्या चारित्र्याबद्दल, नवऱ्याबद्दल, मुलाबद्दल काहीबाही लिहिलेलं. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा एक पत्र थेट सुनेच्या माहेरी पोचलं. शेवटच्या दोन वर्षांत ईमेलही सुरू झाले.

पहिल्या भेटीत त्यांनी एक फुगलेली फाइल माझ्यासमोर ठेवली. पत्रं तारखेनुसार लावलेली, ओळींवर तीन रंगांच्या खुणा आणि शेवटी एक वही. वहीत संशयितांची नावं. काही खोडलेली, काही खोडून पुन्हा लिहिलेली, एका नावाखाली इतक्या वेळा रेघ मारलेली की कागद फाटायला आला होता. ते नाव नणंदेचं होतं. चार वर्षांपासून ताईंनी तिच्या घरी जाणं बंद केलं होतं. “वहिनी, माझं काय चुकलं ते तरी सांगा,” असा तिचा मेसेज आला होता. त्याला उत्तर दिलेलं नव्हतं.

मी त्यांना सर्वात आधी सांगितलं की तुमचं डोकं फिरलेलं नाही. पत्रं खरी आहेत, लिहिणारं माणूस खरं आहे आणि ते तुमच्या आयुष्यात कुठेतरी आहे किंवा होतं. अशा वेळी सगळ्यांवर नजर ठेवणं ही मनाची स्वतःला वाचवण्याची धडपड असते. त्यात पत्रांना वेळापत्रक नव्हतं. ठराविक वेळी येणाऱ्या त्रासाला माणूस कसाबसा सरावतो. केव्हाही येऊ शकणाऱ्या त्रासात शरीर सतत सावध राहतं. पोस्टमनची वेळ झाली की ताईंच्या पोटात खड्डा पडायचा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

घरच्यांचा सल्ला होता, “दुर्लक्ष कर, फाडून टाक.” नवऱ्यानं दोन पत्रं फाडलीही होती, प्रेमापोटीच. या सल्ल्याशी मी अजिबात सहमत नाही. ‘कोण?’ हा प्रश्न सोडून द्या असं सांगून तो सुटत नाही. तो माणूस रात्री दोन वाजता एकटा सोडवत बसतो आणि रात्री दोन वाजता सगळेच गुन्हेगार वाटतात. शोध घेणं हे माझं काम नव्हे, पण तो प्रश्न उजेडात आणून नीट मांडायला मदत करणं हे नक्कीच माझं काम आहे. म्हणून आम्ही ठरवलं की पत्रांचा विषय आठवड्यातून एकदा, इथे, ठरलेल्या वेळेत. एरवी रात्री आठवण झालीच तर एका ओळीत टिपून ठेवायचं आणि वही बंद.

फाइलचीही व्यवस्था लावली. मूळ पत्रांना पुन्हा हात लावायचा नाही, खुणा करायच्या त्या झेरॉक्सवर. प्रत्येक पत्र त्याच्या पाकिटासकट कागदी लिफाफ्यात ठेवायचं, कारण टपालाचा शिक्का पाकिटावर असतो. लिफाफ्यावर तारीख लिहायची ती पत्र आत घालण्याआधी. नंतर लिहिली तर पेनाच्या दाबाचे ठसे आतल्या कागदावर उमटतात आणि दस्तऐवज तपासणारे नेमके तसलेच ठसे शोधतात. कागदावरचे बोटांचे ठसे वर्षांनंतरही रसायनानं उमटवता येतात. पुष्कळ रंगीत लेझर प्रिंटर प्रत्येक पानावर डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपके छापतात आणि त्यांत यंत्राचा क्रमांक दडलेला असू शकतो. ईमेलचा नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. मूळ ईमेल ठेवावा, कारण तो कोणत्या सर्व्हरवरून आला ही नोंद त्याच्या हेडरमध्ये, म्हणजे ईमेलसोबत येणाऱ्या एरवी न दिसणाऱ्या तांत्रिक माहितीत असते. ताई हे सगळं लिहून घेत होत्या तेव्हा पहिल्यांदाच त्यांचा आवाज स्थिर वाटला. इतकी वर्षं ज्या कागदांनी त्यांना छळलं, तेच कागद आता त्यांच्या बाजूचे साक्षीदार होणार होते.

मग संशयाकडे वळलो. नणंदेवर इतका संशय का, असं विचारल्यावर कारणं भराभर आली. लग्नापासून तिचं आणि ताईंचं जमलं नव्हतं. पत्रात एकदा ‘अगोचर’ शब्द आला होता आणि नणंद तो नेहमी वापरते. शिवाय एका पाकिटावर पत्त्याची पट्टी नव्हती, हातानं लिहिलेला पत्ता होता आणि त्यातला ‘र’ नणंदेनं पाठवलेल्या वाढदिवसाच्या कार्डावरच्या ‘र’सारखा होता.

‘अगोचर’ तर मीही म्हणते. आणि एका अक्षरावरून हस्ताक्षर ठरत नाही. फ्रान्समधल्या त्युल गावात १९१७ ते १९२२ या काळात निनावी पत्रांनी असाच उच्छाद मांडला होता. तिथे एदमों लोकार या तज्ज्ञानं संशयित बाईला, आंजेल लावालला, समोर बसवून तासन्तास श्रुतलेखन करायला लावलं. बदललेलं अक्षर फार वेळ टिकवता येत नाही, दमलेला हात मूळ वळणावर येतो, म्हणून. एवढा खटाटोप तज्ज्ञाला करावा लागतो, तिथे वाढदिवसाच्या कार्डाचा काय पाड!

दुसरी हकिगत मी ताईंना मुद्दाम सविस्तर सांगितली. इंग्लंडमधलं लिटलहॅम्प्टन हे समुद्रकाठचं गाव, साल १९२०. ईडिथ स्वॉन या बाईला शिवराळ पत्रं येऊ लागली आणि तिनं शेजारच्या रोझ गुडिंगवर बोट ठेवलं. रोझ फटकळ, मोठ्यानं भांडणारी. ईडिथ सोज्ज्वळ, सभ्य घरातली. लोकांना ते लगेच पटलं. रोझला दोनदा तुरुंगात जावं लागलं. दुसरी शिक्षा १९२१ मध्ये रद्द झाली आणि पत्रं स्वतः ईडिथच लिहीत होती हे १९२३ मध्ये सिद्ध झालं. तिला विकलेल्या तिकिटांवर टपाल खात्यानं अदृश्य शाईनं खूण केली होती. ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे ज्याच्याशी आपलं पटत नाही, त्याचंच नाव आधी सुचतं.”

हो, आणि ज्याच्याशी पटत होतं त्याचं नाव यादीत येतच नाही.

त्यांनी स्वतःहून एक सापळाही लावून पाहिला होता. तीन जणांना तीन वेगवेगळ्या खोट्या बातम्या सांगायच्या आणि पत्रात कोणती येते ते बघायचं. एकीला सांगितलं होतं की मला मोठं आजारपण निघालंय. ती मावसबहीण रडत धावत आली. पत्रात मात्र तिन्हीपैकी काहीच आलं नाही. मी कोणालाही असले सापळे लावू देत नाही. बातमी एका माणसाकडे थांबत नाही, त्यामुळे निष्कर्ष कच्चा निघतो आणि ज्यांच्या आधारावर हा काळ काढायचा, त्यांनाच आपण फसवतो.

त्याऐवजी नवी वही केली. तीन रकाने: पत्रात कोणती माहिती आहे, ती कोणाकोणाला असू शकते, ती केव्हापर्यंत खरी होती. नावांचा रकाना नाही. नाव सुचलं तरी उच्चारायचं नाही, ही माझी अट.

तिसऱ्या रकान्यानं सगळं बदललं. मागच्या तीन वर्षांतल्या बहुतेक पत्रांत एक टोमणा पुन्हा पुन्हा होता: “म्हाताऱ्याच्या वशिल्यावर अजून किती दिवस काढणार?” म्हातारा म्हणजे ताईंचे वडील. ते त्याच संस्थेतून निवृत्त झाले होते. ताई टोमणा वाचून दाखवता दाखवता थांबल्या. “बाबा जाऊन तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं,” त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी शेकडो वेळा वाचलं असेल, पण प्रत्येक वेळी ते लागायचं, त्यामुळे त्यातली चूक दिसायची नाही.

वडील गेल्याचं लिहिणाऱ्याला ठाऊकच नव्हतं. नणंद तर तेव्हा तेराही दिवस घरात होती. शेजारी आले होते, ऑफिसातले सगळे भेटून गेले होते. मग आम्ही पत्रांना ठाऊक नसलेल्या आणखी गोष्टी शोधल्या. मुलाचा परदेशी जायचा बेत एकेकाळी ठरला होता आणि दोन महिन्यांत बारगळला होता. पत्रांतला मुलगा मात्र अजून ‘परदेशाच्या गमजा’ मारत होता. उलट लग्न ठरल्याचं आणि नव्या गाडीचं पत्रांना ताबडतोब कळलं होतं, कारण त्या दोन्ही गोष्टींचे फोटो मुलानं सगळ्यांना दिसतील असे टाकले होते. हळूहळू चित्र स्पष्ट झालं. आतली माहिती सगळी जुनी, एका ठराविक काळापर्यंतचीच. नवी माहिती सगळी बाहेरून कोणालाही दिसेल अशी. म्हणजे लिहिणारं माणूस एकेकाळी जवळचं होतं, मग दूर गेलं आणि आता लांबून बघतंय.

“म्हणजे ती नव्हती,” ताई म्हणाल्या. नणंदेबद्दल. आणि ढसाढसा रडल्या. पत्रं लिहिणाऱ्या माणसाचं नाव त्यांनी त्या दिवशी विचारलंसुद्धा नाही.

नाव पुढच्या भेटीत आलं, आणि ते जुन्या यादीत कुठेच नव्हतं. त्याच बढतीसाठी जिचं नाव चर्चेत होतं ती एक सहकारी. पहिलं पत्र आलं तेव्हा ताईंना धीर देणारी. काही महिन्यांनी तिनं संस्था सोडली आणि संपर्क तुटला. परदेशाचा बेत ताईंनी तिच्याच निरोप समारंभात मोजक्या चार-पाच जणींना सांगितला होता. ताईंनी तिचे जुने ईमेल काढून पाहिले. पूर्णविरामाआधी एक जागा सोडायची तिची सवय पत्रांतही ओळीओळीला होती.

लगेच फोन करून जाब विचारावा असं त्यांना वाटणं साहजिक होतं. मी ठामपणे थांबवलं. इतकं सगळं जुळलं तरी तो संशयच होता, आणि चार वर्षं एका निरपराध माणसावर असाच पक्का संशय घेऊन झाला होता. शिवाय जाब विचारला की समोरचा माणूस सावध होतो, पुरावे नाहीसे करतो. ताईंनी पोलिसांकडे तक्रार दिली, मूळ पत्रं आणि ईमेल सोपवले, वहीची प्रत जोडली. तक्रारीत नाव आरोप म्हणून लिहिलं नाही. “या व्यक्तीची चौकशी व्हावी असं वाटतं, कारणं सोबत” एवढंच लिहिलं. काही महिन्यांनी ईमेलच्या खात्याचा माग तिच्यापर्यंतच पोचला आणि तिनं कबूल केलं.

ज्यांना सध्या अशी पत्रं येताहेत त्यांना एक गोष्ट इथेच सांगते. पत्रात जिवाची धमकी असेल, मुलांचा उल्लेख धमकीच्या सुरात असेल किंवा तुम्ही आज कुठे गेलात, काय घातलं होतं असं काही लिहिलेलं असेल, तर वह्या-रकाने करत बसू नका. त्याच दिवशी पोलिसांकडे जा, आणि एकटे जाऊ नका.

नाव कळल्यावर सगळं शांत होईल अशी ताईंची अपेक्षा होती. पत्रं थांबली, झोप सुधारली, पण नवा प्रश्न उभा राहिला: “असं का केलं तिनं?” तिला भेटायचं म्हणून त्यांनी काय विचारायचं ते लिहून आणलं. मी विचारलं, तिनं काय उत्तर दिलं तर तुमचं समाधान होईल? हेवा वाटला म्हणाली तर? आयुष्य बिघडलं होतं म्हणाली तर? ताईंनी प्रत्येक उत्तर मनात म्हणून पाहिलं. एकानंही नऊ वर्षांची भरपाई होत नव्हती. त्या भेटायला गेल्या नाहीत. तो निर्णय त्यांचा होता आणि मला तो योग्य वाटला.

पुष्कळांच्या बाबतीत नाव कधीच कळत नाही. पाकिटावर काही सापडत नाही, खात्याचा माग मध्येच तुटतो. तेव्हाही हे काम फुकट जात नाही. कोण आहे हे कळलं नाही तरी कोण नाही हे बरंचसं ठरवता येतं आणि घरातली, कामावरची, मैत्रीतली माणसं संशयाच्या यादीतून एकेक करून परत मिळवता येतात. माझ्या दृष्टीनं ताईंच्या बाबतीतही मोठा टप्पा तोच होता. पोलिसांचा निष्कर्ष त्यानंतरचा.

नणंदेकडे त्या स्वतः गेल्या. काय समजत होतो ते आडपडदा न ठेवता सांगितलं, माफी मागितली. नणंद चिडली, आणि तिचं चिडणं रास्त होतं. “चार वर्षं मी स्वतःलाच तपासत बसले होते, वहिनी,” ती म्हणाली. त्या दिवशी तिनं ताईंना बसासुद्धा म्हटलं नाही. ताईंनी सफाई दिली नाही, पत्रांचं कारण पुढे केलं नाही, नुसतं ऐकून घेतलं. आता ती फोन उचलते, स्वतःहून करत नाही. ताई दर आठवड्याला करतात. मधे एकदा दोघी मिळून माझ्याकडे आल्या होत्या आणि पुन्हा येणार आहेत.