नुसत्या विनोदी गाण्यांवर रेडिओ कार्यक्रम चालतो का? गोव्यात चालेल का?

चालतो, चांगला पन्नास वर्षांहून जास्त चालला. अमेरिकेतल्या बॅरी हॅन्सन यांनी १९७० मध्ये कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाच्या एका स्टेशनवर विनोदी, विक्षिप्त गाणी लावायला सुरुवात केली. ‘डॉक्टर डिमेंटो’ हे त्यांचं रेडिओवरचं नाव. १९७४ पासून कार्यक्रम देशभर जाऊ लागला, २०१० मध्ये इंटरनेटवर आला आणि २०२५ मध्ये ते निवृत्त झाले.

उंच काळी टोपी घालणारा हा माणूस लोकसंगीतात एम.ए. झालेला होता, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. थट्टेचं गाणंही जपून ठेवण्यासारखं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून विनोदी वाद्यवृंद चालवणाऱ्या स्पाइक जोन्सची १९४०च्या दशकातली तबकडी आणि कुणा अनोळखी पोराने घरी भरलेली कॅसेट त्याच्याकडे एकाच पंगतीत बसायची. तसंच १९७६ मध्ये सोळा वर्षांच्या आल यांकोविकने (पुढे विडंबनगीतांसाठी गाजलेला गायक) अकॉर्डियनवर गायलेलं गाणं पाठवलं. हॅन्सननी ते लावलं. पुढे १४ सप्टेंबर १९८० ला तोच आल त्यांच्या स्टुडिओत थेट गायला: क्वीन बँडच्या गाजलेल्या गाण्याच्या चालीवर, खचाखच भरलेल्या बसची कैफियत. तालाला ड्रम नव्हता, शेजारी जॉन श्वार्ट्झ अकॉर्डियन ठेवायची पेटीच बडवत होता! कंडक्टरचं ‘फाटीं वच, फाटीं वच’ (मागे जा, मागे जा) ऐकत म्हापसा-पणजी बसमध्ये उभं राहणाऱ्याला ते गाणं समजावून सांगावं लागणार नाही.

आता गोव्याचं. माल आपल्याकडे भरपूर आहे हो. तियात्र, म्हणजे गोव्यातलं कोकणी संगीत नाटक, बघा: पडदा पडतो, मागे सेट बदलत असतो आणि पुढे गायक येऊन कांतार, म्हणजे गाणं, म्हणतो. नाटकाच्या कथेशी त्याचा काही संबंध नसतो. महागाई, रस्ते, पुढारी, काहीही विषय चालतो. शेवटच्या ओळीत टोला बसला की ट्रंपेट वाजतो आणि लोक पुन्हा म्हणायला लावतात. इकडे मराठीत एकनाथांची भारुडं आहेत. ‘विंचू चावला’ ऐकताना आधी हसूच येतं, अध्यात्म मागून. अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’मधली विडंबनं चाल लावून म्हणता येतील. भारुडाला लागूनच कांतार लावा, कोकणी-मराठी वेगळी काढत बसू नका. ऐकणारे दोन्ही ऐकतात.

जुन्या रेकॉर्ड लावायच्या तर हक्कांची परवानगी आधी घ्या. भारुडं मात्र गावातल्या भजनी मंडळाकडून नव्याने गाऊन घेता येतील. हॅन्सन श्रोत्यांच्या फर्माइशीतून पहिली पाच गाणी उलट्या क्रमाने लावायचे, तेही जरूर करा. आपलं गाणं कितव्या नंबरावर आलं ते ऐकायला माणूस शेवटपर्यंत थांबतो. आणि एखाद्या मुलीने फोनवर भरून पाठवलेलं गाणं खरखरतंय म्हणून बाजूला टाकू नका. ते त्याच आठवड्यात लावा, तिचं नाव आणि गाव सांगून.