बीआयडीचं पाकीट आलंय, सही कुठे करायची?

मालमत्ता आणि कर: वाचकांचे प्रश्न

कॅलिफोर्नियातल्या डाउनटाउनमध्ये दुकान, इमारत किंवा फ्लॅट असलेल्या वाचकांकडून ‘बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट’ म्हणजे बीआयडीबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. ठरलेल्या हद्दीतल्यांकडून सक्तीची वर्गणी घ्यायची आणि ती त्याच हद्दीत सुरक्षा, सफाई, जाहिरात अशा सेवांवर खर्चायची, अशी ही योजना. त्यातल्या पाचांची उत्तरं या वेळी देत आहोत. इतर राज्यांचे कायदे वेगळे आहेत, त्यामुळे न्यू जर्सी किंवा टेक्ससच्या वाचकांनी ही उत्तरं जशीच्या तशी लागू करू नयेत.

प्रश्न: डाउनटाउनमध्ये आमची जुनी दुमजली इमारत आहे. महापालिकेकडून मतपत्रिका आली असून वर्षाला ८७० डॉलर भरावे लागतील असं तिच्यात म्हटलं आहे. हा आकडा कसा काढला? आणि मत दिलंच नाही तर?

आकड्यात गूढ काही नाही. तुमच्या नोटिशीत तीन दर दिले आहेत: जमिनीला चौरस फुटामागे १० सेंट, बांधकामाला चौरस फुटामागे ८ सेंट आणि रस्त्याकडच्या दर्शनी फुटाला १२ डॉलर. तुमची जमीन २,५०० चौ. फूट, बांधकाम ४,००० चौ. फूट आणि दर्शनी बाजू २५ फूट आहे. म्हणजे २५० अधिक ३२० अधिक ३००. मोजमापं काउंटीच्या नोंदींवरून घेतलेली असतात आणि चुका बहुतेक तिथेच निघतात. पाडलेली शेड अजून बांधकामात धरलेली असते, कोपऱ्याच्या प्लॉटच्या दोन्ही बाजू पूर्ण दराने लावलेल्या असतात. फीत घेऊन मोजा आणि चूक असेल तर बीआयडीवरच्या महापालिकेच्या जाहीर सुनावणीआधी लेखी कळवा.

हा मालमत्तेच्या किमतीवरचा कर नाही, ही विशिष्ट सेवांसाठीची आकारणी आहे. त्यामुळे कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मंजूर केलेल्या प्रॉपोझिशन १३ ने मालमत्ता करावर घातलेली एक टक्क्याची मर्यादा तिला लागत नाही. वसुली मात्र काउंटीच्या मालमत्ता करबिलातूनच होते, ‘डायरेक्ट असेसमेंट’च्या ओळीत. पहिला हप्ता १० डिसेंबरपर्यंत आणि दुसरा १० एप्रिलपर्यंत भरला नाही तर बाकी बिलाप्रमाणे यावरही १० टक्के दंड बसतो. ‘बीआयडी पटत नाही, तेवढी रक्कम वगळून भरतो’ हा मार्ग बंद आहे.

दरांच्या खाली वार्षिक वाढीची मर्यादा दिलेली असते, ती नजरेतून सुटते. ती ५ टक्के असेल आणि बीआयडीच्या व्यवस्थापन मंडळाने दर वर्षी पुरेपूर वापरली, तर आजचे ८७० दहाव्या वर्षी १,३५० च्या घरात जातात.

आता मताचं. इथे एक माणूस, एक मत असा हिशोब नाही. मतपत्रिकेचं वजन डॉलरमध्ये असतं: जेवढी आकारणी तेवढं मत. शिवाय परत आलेल्या मतपत्रिकाच मोजल्या जातात. समजा, ९० मालकांनी ‘नको’ म्हटलं, त्यांची बेरीज १,४०,००० डॉलर, आणि ६० मालकांनी ‘हवं’ म्हटलं, त्यांची बेरीज २,१०,००० डॉलर, तर बीआयडी होणार. न पाठवलेलं मत विरोधातही नाही आणि बाजूनेही नाही. छोटे मालक इथेच फसतात: ‘आपण सही केली नाही म्हणजे आपला विरोधच’ असं धरून पाकीट कपाटात ठेवतात.

मतपत्रिकेवर सही हवीच. मालमत्ता एलएलसी किंवा ट्रस्टच्या नावावर असेल तर अधिकृत व्यक्तीने हुद्द्यासह सही करावी. पोस्टाच्या शिक्क्याची तारीख इथे कामी येत नाही. सुनावणीत लोकांचं म्हणणं मांडून संपेपर्यंत मतपत्रिका महापालिकेच्या क्लर्ककडे पोचलेली असली पाहिजे. तोपर्यंत मत बदलता किंवा मागेही घेता येतं. नोटीस आणि सुनावणी यांत किमान ४५ दिवस लागतात, ते आधी मोजा. आणि मतपत्रिका गुप्त राहत नाही. मोजणीपासून ती सार्वजनिक कागदपत्र होते, कोणीही पाहू शकतं.

प्रश्न: आम्ही डाउनटाउनच्या उंच इमारतीत फ्लॅट घेऊन राहतो, धंदा काही नाही. घराला बीआयडी लागत नाही असं शेजारी म्हणतात.

शेजाऱ्यांचं अर्धंच बरोबर आहे. १९९४ च्या प्रॉपर्टी अँड बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट कायद्यात निव्वळ निवासी किंवा शेतीच्या झोनमधली मालमत्ता आकारणीतून वगळली आहे. इथे झोन पाहिला जातो, तुम्ही तिथे काय करता हे पाहिलं जात नाही. डाउनटाउनचे बहुतेक मनोरे व्यापारी किंवा मिश्र झोनमध्ये उभे असतात, त्यामुळे फ्लॅटलाही आकारणी लागू शकते. महापालिकेच्या झोनिंग नकाशात तुमच्या मालमत्तेचा पार्सल क्रमांक टाकून बघा. बीआयडीच्या सेवा आणि दर ठरवणाऱ्या व्यवस्थापन आराखड्यात निवासी फ्लॅटला वेगळा, कमी दर आहे का तेही पाहा. आराखडा ठरण्याआधी मागितला तर असा दर मिळतो, पुढे कठीण जातं.

प्रश्न: भाड्याच्या जागेत आमचं उपाहारगृह आहे. ट्रिपल-नेट करार असल्याने घरमालकावरचे सगळे कर आम्हीच भरतो. मत मात्र घरमालकाचं. हा कुठला न्याय?

तक्रार रास्त आहे आणि देशभर बीआयडीच्या वादात ती पुन्हा पुन्हा येते. कॅलिफोर्नियाच्या घटनेत प्रॉपोझिशन २१८ ने (१९९६) घातलेल्या कलमात आकारणी थेट भरण्याची जबाबदारी असलेला भाडेकरूही ‘मालक’ या व्याख्येत येतो. पण करबिल घरमालकाच्या नावाने येतं आणि तुम्ही ते करारामुळे भरता. त्यामुळे मतपत्रिका नोंदणीकृत मालकालाच जाते, आणि ‘थेट’ या एका शब्दाच्या जोरावर ती तुमच्याकडे येईल अशी आशा धरू नका.

करारात तीन गोष्टी तपासा. ‘कर’ या व्याख्येत ‘स्पेशल असेसमेंट’ आहे का? करारानंतर लागू झालेल्या नव्या आकारणीबद्दल काय म्हटलं आहे? सामायिक खर्चाच्या वाढीला वरची मर्यादा आहे का? नूतनीकरण जवळ आलं असेल तर नवी आकारणी घरमालकाने सोसावी किंवा निम्मी वाटून घ्यावी, असं कलम मागा. निदान मतदानापूर्वी तुमचं म्हणणं विचारात घेईन असं पत्र तरी घरमालकाकडून घ्या. सुनावणीत बोलायला मालकी लागत नाही.

एक फरक लक्षात ठेवा. १९८९ च्या कायद्याखालचा बीआयडी वेगळा असतो. तो मालमत्तेवर नाही, धंद्यावर बसतो, दर वर्षी मंजूर होतो, आणि निम्मी किंवा जास्त रक्कम भरणाऱ्या धंदेवाल्यांनी लेखी विरोध केला तर त्या वर्षी लागू होऊ शकत नाही. तिथे आवाज तुमचा. सॅन होजेच्या डाउनटाउनमध्ये हे दोन्ही प्रकार एकाच वेळी चालतात, त्यामुळे आलेला कागद कुठल्या कायद्याखालचा आहे ते आधी बघा.

प्रश्न: मुंबईच्या मालमत्ता करबिलात पथकर, वृक्ष उपकर, जललाभ कर असतात. हे त्यातलंच ना?

नाही. ते कर शहरभर लागतात आणि पालिकेच्या तिजोरीत जातात. पथकराचे पैसे तुमच्याच गल्लीत खर्च करा असं तुम्ही म्हणू शकत नाही. बीआयडीचा पैसा ठरलेल्या हद्दीतच खर्चावा लागतो, आणि तो खर्च मालकांची ना-नफा संस्था करते. कल्पना टोरोंटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेजची, १९७० सालची: मॉल आणि नवी मेट्रो गिऱ्हाईक पळवत होती, म्हणून दुकानदारांनी स्वतःवरच सक्तीची वर्गणी बसवून घेतली. गणेशोत्सवाची वर्गणी नाकारता येते, ही नाही.

प्रश्न: आम्हा काही मालकांना विरोध करायचा आहे. ‘मोठ्या टॉवरवाल्यांसाठी छोट्यांनी पैसे का भरायचे’ हा मुद्दा टिकेल का? आणि एकदा बीआयडी झाला तर सुटका आहे का?

सभेत टिकेल, कोर्टात नाही. कोर्टात आकारणी कशी ठरवली हे मांडणारा एंजिनिअरचा अहवाल बघतात, म्हणून रंगीत माहितीपत्रक बाजूला ठेवून तो मागवा. कायद्याने तो नोंदणीकृत एंजिनिअरचाच लागतो. त्यात दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: प्रत्येक मालमत्तेला मिळणारा ‘विशेष लाभ’ आणि आकारणीचं त्याच्याशी असलेलं प्रमाण. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही मिळणारा ‘सर्वसाधारण लाभ’ वेगळा काढून त्याचा खर्च दुसऱ्या पैशातून भागवावा लागतो. माहितीपत्रकात हमखास असणारा ‘तुमच्या जागेची किंमत वाढेल’ हा दावा घटनेनेच बाद ठरवला आहे: मालमत्तेच्या किमतीतली सर्वसाधारण वाढ हा विशेष लाभ धरता येत नाही. आणि सिद्ध करण्याचं ओझं महापालिकेवर आहे, तुमच्यावर नाही.

सॅन डिएगोच्या गोल्डन हिल भागातली आकारणी २०११ मध्ये अपील कोर्टात पडली. अहवालाने दोन लाभ नीट वेगळे केले नव्हते आणि महापालिकेच्या मालकीच्या जमिनींना दिलेलं मतांचं वजनही सिद्ध झालं नाही. म्हणून महापालिका स्वतःच्या जमिनींवर किती डॉलरचं मत टाकते आहे, हे पहिल्या दिवशी विचारा. सरकारी जमिनीलाही आकारणी लागते, आणि निकाल कधीकधी तिच्याच मतावर फिरतो. उलट पोमोनाच्या डाउनटाउनचा बीआयडी २००९ मध्ये कोर्टात टिकला. सुरक्षा, रस्त्याची देखभाल आणि जाहिरात हद्दीतल्या मालमत्तांसाठीच आहे, हे कोर्टाला पटलं. तेव्हा ‘सुरक्षा तर सगळ्यांनाच मिळते’ एवढ्यावर खटला उभा करू नका.

सफाईचंही बघा. महापालिका आज आठवड्यातून किती वेळा रस्ता झाडते, कचऱ्याचे डबे किती वेळा रिकामे करते, हे आधारस्तर म्हणून लेखी मागा. बीआयडीची सेवा त्याच्यावरची असायला हवी. लेखी नसेल तर दोन वर्षांत महापालिकेचा झाडू हळूच मागे सरकतो आणि तेच काम तुमच्या पैशातून होतं.

वेळापत्रक पाळा. बीआयडी स्थापण्याच्या सुरुवातीच्या अर्जावर ५० टक्क्यांहून जास्त आकारणी भरणाऱ्यांच्या सह्या लागतात. एकाच मालकाचा हिस्सा ४० टक्क्यांहून मोठा असेल तर वरचा भाग त्या गणतीत धरत नाहीत. ‘फक्त चर्चेसाठी सही द्या’ म्हणणाऱ्याला हा अर्ज सही न करता परत द्या, कारण प्रक्रिया त्याच सहीने सुरू होते. मंजुरीचा ठराव झाल्यापासून ३० दिवसांत दावा लावावा लागतो, नंतर दार बंद. सुनावणीत प्रत्येक मुद्दा मांडलाच पाहिजे असं बंधन तेव्हाच्या कायद्यात नव्हतं, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये लॉस एंजेलिसच्या दोन बीआयडींच्या प्रकरणात म्हटलं होतं. आता मात्र त्यावर विसंबू नका. मुद्दे लेखी द्याच, नोंदीतला कागद पुढे वकिलाच्या कामी येतो.

सुटकेचं म्हणाल तर पहिली मुदत जास्तीत जास्त ५ वर्षांची आणि नूतनीकरण १० वर्षांपर्यंतचं असतं. त्याआधीही, स्थापनेला वर्ष झाल्यावर, दर वर्षी ३० दिवसांची एक खिडकी उघडते. त्या काळात निम्मी किंवा जास्त आकारणी भरणाऱ्या मालकांनी अर्ज केला तर महापालिकेला विसर्जनाची प्रक्रिया सुरू करावीच लागते आणि सुनावणी घ्यावी लागते. सह्या आधीच्या महिन्यात गोळा करायला घ्या, खिडकी उघडल्यावर ३० दिवस पुरत नाहीत. ती ३० दिवसांची तारीख क्लर्ककडून लेखी घ्या. मालकांच्या संस्थेला खुल्या बैठकींचा आणि सार्वजनिक नोंदींचा कायदा लागू आहे, त्यामुळे मालकांची यादी, आकारणीचा तक्ता, ताळेबंद आणि वार्षिक अहवाल मागायला कारण द्यावं लागत नाही. विसर्जन झालं तर न खर्चलेली शिल्लक आकारणीच्याच प्रमाणात मालकांना परत मिळते.