आजीच्या माळेतले रुपये

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले. आजीच्या माळेतले सात राणीछाप रुपये, सहांना कडी लावलेली आणि एकाला आरपार भोक. ते भोक सराफाकडून बुजवून घेतलं तर भाव वाढेल का, असं तू विचारलंस. बुजवू नकोस. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण त्या कामात नाण्याचं जे जातं ते परत आणता येत नाही.

भोकाने नेमकं काय जातं, याचा हिशेब कर. हा रुपया 11.66 ग्रॅमचा, त्यात बारापैकी अकरा भाग चांदी. रुपयाचा व्यास साधारण 30 मिलिमीटर. दोन मिलिमीटरच्या भोकाने जाते ती जेमतेम 50 मिलिग्रॅम धातू. म्हणजे मोडीच्या भावात फरक जवळजवळ नाहीच. संग्राहकाचा भाव मात्र कोसळतो, कारण तो चांदी विकत घेत नाही, टांकसाळीतून निघालेली अखंड वस्तू घेतो. जुन्या लोकांच्या तोंडी ‘बंदा रुपया’ हा शब्द होता, त्याला फार अर्थ आहे. साधा, मुबलक मिळणारा रुपया भोक पडला की बहुधा चांदीच्या भावावर येतो. दुर्मीळ असेल तर मोडीपेक्षा बराच वर राहतो, पण अखंड भावंडाची बरोबरी करत नाही. नाण्यांची प्रत ठरवणाऱ्या मोठ्या संस्थाही अशा नाण्याला एरवीसारखे आकडी गुण देत नाहीत, भोक असल्याची नोंद करतात.

भोक कुठे आहे, हेही बघ. तुझा भोकाचा रुपया 1862 चा आहे. हे साल तसंच ठेवून पुढे 1874 पर्यंत रुपये पाडले गेले, आणि मागच्या बाजूच्या बारीक ठिपक्यांवरून संग्राहक त्यांचे प्रकार वेगळे करतात. भोक मोकळ्या जागेत असेल तर नाणं निदान ओळखता येतं. ठिपक्यांतून किंवा सालातून गेलं असेल, तर नाण्याची ओळखच गेली. म्हणून ठिपके भिंगाखाली मोजून मला कळव.

कडीचं दुखणं वेगळं. कडी बसवताना नाणं तापवलेलं असतं, काठावर डाख, म्हणजे जोडासाठी वितळवलेला धातू, चढलेला असतो. कडी कापून काढली तरी काठावर वण राहतो आणि तिथला रंगही वेगळा दिसतो. वजन केलंस तर डाखामुळे ते कधी जास्तच भरेल. त्याने फसू नकोस.

आता बुजवण्याबद्दल. तुझ्याएवढा असताना मी एका बाजारात सुंदर, अखंड दिसणारा रुपया घेतला. घरी खिडकीशी तिरक्या उजेडात धरला तेव्हा राणीच्या डोक्यावर एक फिकट वर्तुळ दिसलं. भोक चांदीने भरून वरची नक्षी पुन्हा कोरली होती. भोक पडलेलं नाणं आपली जखम उघड दाखवतं, बुजवलेलं नाणं पुढच्या माणसाला फसवतं. त्या दिवसाची चीड अजून माझ्या मनात आहे, म्हणून तुला इतकं निक्षून सांगतोय. परीक्षा करताना नाणं फरशीवर आपटू नकोस, काठ चेपतो. बोटाच्या टोकावर तोलून पेन्सिलीने हलकेच वाजव. चांगला रुपया खणखणतो, तडा किंवा डाख असलेला बरेचदा बद्द वाजतो.

पण प्रत्येक भोक म्हणजे नुकसान नव्हे. 1943 ते 1947 मधला भोकाचा पैसा तू पाहिला असशील. युद्धात तांब्याची टंचाई होती, म्हणून टांकसाळीनेच तो मधोमध भोक ठेवून पाडला. आधीचा पैसा पाच ग्रॅमच्या आसपास होता, हा दोनच्या आसपास. तिथे भोक असणं हेच अस्सलपण. मुघल रुपयांवर सराफांचे पारखीचे बारीक ठसे असतात. त्यांनी नाण्याची देखणी बाजू बिघडते, भावही उतरतो, पण ते नाणं किती हातांतून गेलं याचा तो पुरावाच असतो. आणि नाशिकजवळच्या जोगलटेंभीला 1906 मध्ये सापडलेला साठा आठव. नहपान या क्षत्रप राजाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी, त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. नहपानाचा चेहरा त्या ठशाखाली चेपला गेला. असा ठसा न बसलेली नहपानाची नाणी त्याची सत्ता सांगतात, चेपलेली ती सत्ता गेल्याचं सांगतात. मला विचारशील तर मी चेपलेलं नाणं हातात जास्त वेळ धरून बसेन.

चिंच, राख, रांगोळी यांतलं काहीही रुपयांना लावू नकोस. काळसर रंग निघाला की चांदीचा वरचा थर त्याच्याबरोबर जातो, आणि बारीक ओरखडे कायमचे राहतात.

विकायचेच झाले तर ‘कडी लावलेले’, ‘भोक असलेला’ असं स्वच्छ लिहून विक. पण मी माळ तोडणार नाही. सुटे केलेस तर सात डागी रुपये होतील, आता ती एक माळ आहे. सूत झिजलं असेल तर पटवेकऱ्याकडून नवं ओवून घे. आणि आजीला विचार, सहांना कडी लावली असताना सातव्याला भोक का पाडलं, कुणी पाडलं, कोणत्या लग्नाच्या वेळी. ती सांगेल ते तारखेसकट एका कागदावर लिहून माळेच्या डबीत ठेव, आणि एक प्रत मला पाठव.

तुझा
काका