बायफर्केशनला हात घालण्याआधी

अरे, हृदयाची धमनी जिथे दोन फांद्यांत फुटते त्या बायफर्केशनला पहिल्याच महिन्यात दोन स्टेंट (धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळ्या) टाकायची घाई कशाला? कल्याणला लाइन फुटते, एक कसाऱ्याला एक कर्जतला, तसंच समज, मेन लाइन आधी चालू राहिली पाहिजे. म्हणजे प्रोव्हिजनल, आधी एकच स्टेंट, दुसरा गरज पडली तरच. दोन्हीकडे वायर टाक, मेन व्हेसलमध्ये एक स्टेंट, आणि त्याची साइज फांदी फुटल्यानंतरच्या, म्हणजे डिस्टल भागावरून घे, मागच्या जाड भागावरून घेतलीस तर कॅरायना, म्हणजे दोन फांद्यांमधली कड, सरकून साइड ब्रँच (बाजूची फांदी) बंद होते. मग स्टेंटचा मागचा भाग व्यासाने मोठ्या पण लांबीने छोट्या बलूनने फुलवायचा, तो पॉट (प्रॉक्सिमल ऑप्टिमायझेशन), ते कधीच चुकवू नकोस. मागच्या भागाचा व्यास काढायचा फिनेचा हिशोब सोपाय, दोन्ही फांद्यांच्या व्यासांची बेरीज गुणिले ०.६७८, म्हणजे ३ आणि २.५ मिमी असेल तर मागे साधारण ३.७ येतं.

साइड ब्रँच अँजिओत चिमटलेली दिसली की सगळे घाबरतात, पण फ्लो टिमी ३, म्हणजे रक्त नीट वाहत असेल, पेशंटला दुखत नसेल तर बऱ्याचदा सोडून देता येतं.

दोन स्टेंट कधी? ब्रँच २.५ मिमीच्या वर आणि आजार तोंडापासून १० मिमी किंवा जास्त आत गेलेला असेल तेव्हा. लेफ्ट मेनच्या (डाव्या मुख्य धमनीच्या) अशा केसमध्ये मला डीके क्रश ही दोन स्टेंटची पद्धत आवडते, पण स्टेप्स खूप, आधी सीनियरसोबत कर.

आणि स्टेंटमागे अडकलेली साइड ब्रँचची वायर ओढताना नजर गाइड कॅथेटरवर ठेव हां, तो आत खेचला जातो, माझा एकदा गेलेला, लेफ्ट मेनचं तोंड थोडक्यात वाचलं.