‘माझ्याकडून प्रार्थनाच होत नाही’

संकट कोसळले की माणूस आपोआप देवाकडे वळतो, असे आपण धरून चालतो. समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांत मात्र नेमकी याच्या उलट तक्रार मी वारंवार ऐकते. आजारपण, मृत्यू, कर्ज किंवा घरातला कलह यांनी जीव मेटाकुटीला आलेला असताना प्रार्थनेला बसवत नाही, बसले तरी शब्द सुचत नाहीत, आणि मग मूळ दुःखावर आणखी एक भीती चढते की आपला विश्वास आटला, देवाने आपल्याकडे पाठ फिरवली. ही दुसरी भीती माणसाला आतून फार पोखरते. तिच्याविषयी एका बाईंच्या अनुभवाच्या आधारे लिहीत आहे. त्यांची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

या बाई मूळच्या मिरजेकडच्या, प्रॉटेस्टंट मराठी ख्रिस्ती घरातल्या. लग्नानंतर त्या गोव्यात वास्कोला आल्या, कारण पतीची नोकरी मुरगाव बंदरात होती. निवृत्तीनंतर थोड्याच काळात पतींना पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. एकुलता मुलगा आखातात, त्यामुळे बांबोळीच्या इस्पितळातल्या फेऱ्या, रात्रीची सोबत, औषधे आणि नंतर घरची शुश्रूषा हे सारे बाईंवरच आले. त्या संडे स्कूलमध्ये, म्हणजे चर्चच्या रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात, मुलांना शिकवत असत, आणि मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, कुणाकडे दुखणे आले की प्रार्थनेसाठी पहिले बोलावणे त्यांनाच येई.

“मॅडम, दुसऱ्यांसाठी मी अर्धा अर्धा तास प्रार्थना केली आहे,” त्या म्हणाल्या. “आता ह्यांच्या खाटेशी बसते, हात जोडते, ‘प्रभू’ म्हणते आणि पुढे काही येतच नाही. परवा मंडळीतल्या एकीने सांगितले की तुमचा विश्वास कमी पडतोय, म्हणून त्यांची वाचा परत येत नाही. खरे असेल का हो हे?”

या प्रश्नाचे उत्तर मी लगेच दिले, कारण ते लांबवणे मला क्रूरपणाचे वाटले असते. ‘नाही’ असे स्पष्ट सांगून मी त्यांना त्यांच्याच बायबलमधल्या दोन जागांची आठवण करून दिली. योहानाच्या शुभवर्तमानाच्या ९व्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे, आणि येशू दोन्ही पर्याय नाकारतो. प्रेषित पौलाने तर शरीरातला काटा दूर व्हावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि तो काटा तसाच राहिला. तरीही पौलाचा विश्वास तोकडा होता असे कुणी ख्रिस्ती माणूस म्हणत नाही. मेंदूच्या ज्या भागाचा रक्तपुरवठा तुटला त्या भागाचे नुकसान पत्नीच्या प्रार्थनेतील त्रुटीमुळे झाले, असे म्हणायला ना वैद्यकशास्त्रात आधार आहे, ना त्यांच्या धर्मग्रंथात.

त्यानंतर मी झोपेबद्दल विचारले. रात्री पतींना कुशीवर वळवायला त्या दोन-तीनदा उठत, पहाटे जाग आली की पुन्हा डोळा लागत नसे, आणि दुपारचे जेवण बहुतेक वेळा चहा-पावावर निभावत. अशा अवस्थेत चित्त एकाग्र होणे शरीरालाच परवडत नाही. सतत धोक्याच्या जाणिवेत असलेला मेंदू पुढच्या औषधाची वेळ, पडण्याची भीती, बिलाची रक्कम अशा तातडीच्या गोष्टींवरच खिळून राहतो. सलग विचार करणे, पाठ असलेले आठवणे, शब्द जुळवणे ही कामे तो मागे टाकतो. ज्या बाईंना भाजीची यादी लक्षात राहत नव्हती, त्यांनी पूर्वीसारखी ओघवती प्रार्थना होत नाही म्हणून स्वतःला अविश्वासू ठरवावे, हे मला फार अन्यायाचे वाटले.

बायबलमधील ‘१ राजे’ या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात एलीया संदेष्टा जीव वाचवण्यासाठी पळतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि आता पुरे झाले, माझा प्राण घे, असे देवाला म्हणतो. देवदूत येतो तो त्याला उपदेश करीत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी ठेवून तो ‘ऊठ, खा’ एवढेच सांगतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो, आणि देवदूत त्याला दुसऱ्यांदा उठवून खायला घालतो, कारण पुढची वाट त्याच्या शक्तीबाहेरची आहे. बाईंनी ही गोष्ट संडे स्कूलमध्ये अनेकदा सांगितली होती. तिच्यातली झोप आणि भाकर स्वतःसाठीही आहे, हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते. दुपारचे पूर्ण जेवण आणि आठवड्यातल्या निदान दोन रात्री दुसऱ्या कुणाकडे सोपवणे, हे पहिल्या भेटीतले माझे सांगणे होते आणि प्रार्थनेविषयी त्या दिवशी मी त्यांना काहीही करायला सांगितले नाही.

पुढच्या भेटीत त्यांच्या मनातली खरी अडचण बाहेर आली. शब्द सुचत नव्हते हे खरेच, पण जे सुचत होते ते देवापुढे बोलण्यालायक नाही असे त्यांना वाटत होते. आयुष्यभर इमानाने नोकरी केलेल्या माणसाला असे का, हा प्रश्न त्यांच्या घशाशी येई आणि त्या तो गिळून टाकत. मी त्यांना बायबलच्या स्तोत्रसंहितेतील १३वे स्तोत्र मोठ्याने वाचायला सांगितले. केवळ सहा वचनांचे हे स्तोत्र ‘किती काळ’ असे चार वेळा विचारते. देव मला विसरला का, तोंड का लपवतो, असे सरळ त्याच्याच तोंडावर विचारणारा हा माणूस शेवटी विश्वासाच्या शब्दांपर्यंत पोहोचतो. ८८व्या स्तोत्राचा कर्ता मात्र तिथपर्यंतही पोहोचत नाही आणि ते स्तोत्र अंधारातच संपते. तरीही ते धर्मग्रंथातून कुणी काढून टाकलेले नाही. एकूण १५० स्तोत्रांपैकी सुमारे तिसरा हिस्सा अशा विलापाचा आहे, आणि वधस्तंभावर येशूने उच्चारलेले ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे शब्द २२व्या स्तोत्राचे पहिले वचन आहेत. तक्रार देवापाशी नेणारा माणूस अजून देवाशी बोलतच असतो. बाई चौथ्या वचनापर्यंत वाचून थांबल्या आणि पुढचे दोन आज वाचवत नाहीत म्हणाल्या. मी आग्रह धरला नाही.

लांब प्रार्थना जमत नसेल तर आखूड चालेल का, असे त्यांनी विचारले. पाण्यात बुडणाऱ्या पेत्र या शिष्याला ‘प्रभूजी, मला वाचवा’ याहून अधिक बोलायला वेळ नव्हता, आणि यरीहोच्या रस्त्यावरचा आंधळा बार्तीमय दयेची एकच हाक पुन्हा पुन्हा मारत होता. पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेत तर हीच दयेची याचना श्वासाच्या लयीवर म्हणण्याची रीत शतकानुशतके चालत आली आहे. मी त्यांना सुचवले की श्वास घेताना ‘प्रभू येशू’ आणि सावकाश सोडताना ‘माझ्यावर दया कर’ एवढेच मनात म्हणावे. उच्छ्वास लांबवला की हृदयाची धडधड काहीशी मंदावते आणि शरीर निवते, त्यामुळे याचा उपयोग दुहेरी होतो. यासाठी वेगळी वेळ काढू नका, असेही सांगितले. इस्पितळाच्या बसमध्ये झुवारीचा पूल येई तेव्हा खिडकीशी बसून त्या हे म्हणू लागल्या, आणि पूल संपला की थांबत.

शेजारच्या कॅथलिक कुटुंबाचीही त्यांना मोठी मदत झाली. त्या घरी संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होई, आणि शेजारीण रोज त्यात यांच्या पतींचे नाव घेत असे. बाईंच्या परंपरेत जपमाळ नाही, आणि तेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणणे त्यांना लहानपणापासून पोकळ वाटत आले होते. त्यांनी माळ हाती घ्यावी असे मी कधीही सुचवले नाही, कारण समुपदेशकाने कुणाची उपासनापद्धत बदलू नये, असे माझे ठाम मत आहे. परंतु त्या बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, बसून नुसते ऐकू लागल्या. ‘नमान मरिये’ ही मरियेची कोकणी प्रार्थना म्हणणाऱ्या त्या संथ आवाजांत काही नवीन बोलण्याची सक्ती नव्हती, आणि कुणीतरी आपल्यासाठी मागत आहे एवढे त्यांना पुरे होई. गेथशेमाने बागेत येशूनेही तिसऱ्यांदा तेच शब्द बोलून प्रार्थना केली, असे मत्तय लिहितो, हे मी त्यांना दाखवले तेव्हा त्या बराच वेळ त्या वचनाकडे पाहत राहिल्या.

पाठ असलेल्या प्रार्थनेचे मोल त्यांना घरातच अनपेक्षितपणे कळले. एका संध्याकाळी त्यांनी पतींच्या उशाशी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ अशी सुरुवात केली, आणि ज्यांना पाणी हवे हेही सांगता येत नव्हते ते गृहस्थ अडखळत, पण ओळखू येतील अशा शब्दांत त्यांच्यासोबत म्हणू लागले. वाचोपचार तज्ज्ञांनी याचा उलगडा केला: पक्षाघाताने स्वतः वाक्य रचण्याची क्षमता गेली तरी आकडे, वार, गाणी, प्रार्थना असे लहानपणापासून घोटलेले बोलणे पुष्कळ रुग्णांत शिल्लक राहते. म्हणजे वाचा परत आली असे नव्हे, आणि बाईंना तसे खोटे समाधान कुणी दिलेही नाही. मात्र दोघांना मिळून करता येईल अशी एक गोष्ट सापडली, आणि त्यासाठी देवाचे आभार मानायला तज्ज्ञांचा खुलासा आड येत नाही, असे त्या म्हणाल्या. मलाही ते पटले.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. खिन्नता किंवा कशातच गोडी न वाटणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, झोप-भूक बिघडली, अपराधीपणा सुटेना, जगणे नकोसे वाटू लागले, तर ते नैराश्य असू शकते. श्रद्धाळू माणसात हे नैराश्य बऱ्याचदा ‘मी देवाच्या क्षमेपलीकडे गेलो’ अशा शब्दांत बोलते आणि घरचे लोक त्यावर आणखी प्रार्थनेचाच उपाय सांगतात. अशा वेळी मनोविकारतज्ज्ञांकडे जावे; बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था आहे आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे. बाईंची तपासणीही मी करून घेतली. त्यांना औषधाची गरज निघाली नाही, पण निघाली असती तर ते घेणे अविश्वासाचे लक्षण ठरले नसते.

मंडळीच्या पाळकांशी मी बाईंच्या परवानगीने बोलले. त्यांनी बायकांच्या सभेत मार्काच्या शुभवर्तमानाच्या २ऱ्या अध्यायातला तो प्रसंग वाचला, ज्यात चार माणसे पक्षाघाती मित्राची खाट छपरातून खाली सोडतात आणि येशू त्यांचा विश्वास पाहतो. मग कोणत्या रात्री कोण सोबतीला जाईल आणि दुपारचा डबा कोण देईल, हे त्याच सभेत ठरले. विश्वास कमी पडतोय असे म्हणणाऱ्या बाईंनी बुधवारची रात्र घेतली.

अलीकडच्या भेटीत त्यांचा प्रश्न वेगळा होता. संडे स्कूल पुन्हा सुरू करायचे आहे, पण अंकल बरे होणार का असे मुलांनी विचारले तर काय सांगू? मी म्हटले, ताई, ठाऊक नाही असे सांगा, आणि रोज मागते असेही सांगा. त्यावर त्यांनी विचारले, कधी कधी देवावर राग येतो, हेही सांगितले तर चालेल का? मोठ्या मुलांना १३वे स्तोत्र शिकवणार असाल तर सांगावेच लागेल, असे मी उत्तर दिले.