अर्धा चेहरा ओढला जातो : इंजेक्शन घेऊ की ऑपरेशन?

प्रश्न : माझं वय ४७, मी शिक्षिका आहे. दोन वर्षांपूर्वी डाव्या डोळ्याची खालची पापणी लवायला लागली. आता गालही उडतो आणि तोंडाचा कोपरा खेचला जातो. वर्गात मुलांना वाटतं, बाई डोळा मारतात. एमआरआयमध्ये गाठ नाही, पण एक रक्तवाहिनी नसेला टेकलेली दिसते. गोळ्यांनी नुसती गुंगी येते. डॉक्टर बोटॉक्स सुचवतात. ते विष ना? त्यापेक्षा एकदाच ऑपरेशन करून मोकळी होऊ का?

उत्तर : ताई, या आजाराने जिवाला धोका नसतो, म्हणून आजूबाजूचे तो फार हलक्यात घेतात. पण दिवसभर चाळीस डोळ्यांसमोर उभं राहणाऱ्या बाईला तो किती छळतो, हे मी माझ्या रुग्णांकडून ऐकत आले आहे. उपचार जरूर घ्या.

हा हेमिफेशियल स्पॅझम दिसतो, म्हणजे चेहऱ्याच्या एकाच बाजूचे स्नायू आपोआप आकसतात. जागरणाने फडफडणारी पापणी काही दिवसांत आपोआप थांबते, आणि ब्लेफरोस्पॅझम या पापण्यांच्या आकडीत दोन्ही डोळे मिटतात. आरशात एक गोष्ट पाहा. झटक्याने डोळा मिटताना त्याच बाजूची भुवई वर चढते का? आपण मुद्दाम डोळा घट्ट मिटला तर भुवई खाली येते. मिटता मिटता वर चढली, तर माझी निदानाबद्दलची शंका बरीचशी फिटते. झटका मोबाइलवर टिपून ठेवा. तपासणीच्या वेळी तो नेमका येत नाही.

चेहऱ्याची नस मेंदूतून बाहेर पडते तिथेच धमनीचे ठोके तिच्यावर बसत राहतात. वायरीचं वेष्टन झिजावं तसं तिचं आवरण झिजतं आणि नको तिथे संदेश जातात. कार्बामाझेपिन, क्लोनाझेपामसारख्या गोळ्या इथे फारशा पुरत नाहीत. मात्र त्या मनाने एकदम बंद करू नका.

बोटॉक्स मुळात विषच, हे खरं. पण इथे स्नायू सैल करण्यापुरती त्याची अगदी नगण्य मात्रा देतात. सुरकुत्यांसाठी ते पुढे गाजलं; अमेरिकेत १९८९ साली त्याला पहिली मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकड्यांसाठी. बारीक सुईने डोळ्याभोवती टोचतात. तीन दिवस ते आठवड्यात आराम पडू लागतो, साधारण तीन महिने टिकतो, मग पुन्हा घ्यावं लागतं. पापणी जड होणं, डोळा कोरडा पडणं, ओठ किंचित वाकडा दिसणं हे होऊ शकतं, पण काही आठवड्यांत ओसरतं. तुम्ही बोलण्यावर पोट भरता, हे डॉक्टरांना आधी सांगा. ओठाजवळ पहिल्यांदा अगदी कमी द्यावं किंवा देऊच नये. डोळा शांत झाला की पुष्कळदा गालही निवतो. स्नायूंचा एखादा आजार असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर तेही सांगा.

मुळावर घाव घालतं ते ऑपरेशनच. कानामागे कवटीला छोटं छिद्र करून नस आणि धमनी यांच्यामध्ये टेफ्लॉनचा तुकडा ठेवतात. शंभरातले ८५ ते ९० जण बरे होतात, काहींचे झटके थांबायला कित्येक महिने लागतात. पण त्या बाजूचं ऐकू येणं कायमचं जाण्याचा थोडा धोका असतो, आणि क्वचित पक्षाघाताचाही. म्हणून तुमच्या जागी मी आधी इंजेक्शन घेऊन पाहीन. गुण येईनासा झाला किंवा दर तीन महिन्यांनी टोचून घ्यायचा कंटाळा आला, तर हेच ऑपरेशन नेहमी करणाऱ्या न्यूरोसर्जनना भेटा. आतापर्यंत किती केली आणि त्यातल्या किती जणांचा कान गेला, हे त्यांना न संकोचता विचारा.