२००० रुपयांच्या आत माझ्या आवडीच्या आवाजाचे हेडफोन कसे शोधू? बेसमुळे (खालच्या, जाड आवाजामुळे) गायकाचा आवाज दबतो.

तुम्ही म्हणताय बेसमुळे गायकाचा आवाज दबतो, मग ब्लूटूथ सोडा आणि वायरवाले इन-इअर, म्हणजे कानाच्या आत घट्ट बसणारे, घ्या, बॅटरी-चिपचा खर्च नसल्याने त्याच पैशात आवाज खूप बरा मिळतो. मी रोज ठाणे-वाशी ट्रान्स हार्बरने जाते, लोकलच्या खडखडाटात इन-इअरच चालतात. घेण्याआधी कुणाचे तरी मागून आपलं पाठ असलेलं गाणं ऐका, डग्गा घुमतोय की नुसता धपधप करतोय ते कळतं. आणि रबरी टिपांचे सगळे साइज लावून बघाच बघा, टिप सैल असली की बेस गायब होतो आणि लोक उगाच हेडफोनला नावं ठेवतात! तरीही गायकाचा आवाज दबलेला वाटला तर इक्वलायझरमध्ये (आवाजाचे जाड-बारीक पट्टे कमी-जास्त करायचं सेटिंग) २०० हर्ट्झच्या आसपासचा पट्टा जरा कमी करा.